वाचक विचारतात: आर्कवर वारा सांभाळायचा कसा?

मागच्या महिन्यात सरळ लेगवर (वाटेच्या सरळ तुकड्यावर) वारा विमानाला बाजूला सरकवतो त्या ड्रिफ्टबद्दल लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये अर्ध्याहून जास्त लोकांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने विचारली आहे, की सरळ वाटेवरचं समजलं पण वाट स्वतःच गोल असेल तेव्हा वाऱ्याचं काय करायचं. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे त्यामुळे या वेळी सगळी जागा त्यालाच देते.

प्रश्न: मॅडम, माझं इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं (नुसत्या उपकरणांच्या आधारे उडायच्या परवान्याचं) ट्रेनिंग चालू आहे. १० मैलांचा डीएमई आर्क उडताना, म्हणजे डीएमई या उपकरणावर दिसणारं स्टेशनपासूनचं अंतर १० (नॉटिकल) मैल राखत गोल जाताना, सुरुवात छान होते, मग डीएमई १०.३, १०.६ असं वाढायला लागतं, मी स्टेशनच्या बाजूला जास्तीचं हेडिंग लावतो (नाक तिकडे वळवतो), आकडा परत १० वर येतो, म्हणून तेवढंच करेक्शन धरून ठेवतो, आणि थोड्या वेळाने बघतो तर ९.४! इन्स्ट्रक्टर म्हणतात वाऱ्याचा विचार कर. पण वारा तर तोच आहे ना, दुसऱ्या अर्ध्यात तो बदलतो कसा?

उत्तर: वारा बदलत नाही, तुम्ही फिरलेले असता. सरळ लेगवर वारा तुमच्या उजव्या खांद्यावरून येत असेल तर लेग संपेपर्यंत तो तिथूनच येतो, म्हणून एकदा करेक्शन सापडलं की धरून ठेवायची सवय लागते आणि ती तिथे योग्यच आहे. आर्कवर मात्र तुमचा ट्रॅक, म्हणजे जमिनीवरची जाण्याची दिशा, दर मिनिटाला दहा-बारा अंश सरकतोय, त्यामुळे आत्ता बरोबर असलेलं करेक्शन दोन मिनिटांनी शिळं झालेलं असतं. तुम्ही चुकीचं करेक्शन लावलं नव्हतं, बरोबर लावलेलं जास्त वेळ धरलं.

आकडे घालून बघू म्हणजे डोक्यात पक्कं बसेल. समजा ट्रू एअरस्पीड (हवेतला खरा वेग) १२० नॉट, वारा २७० वरून (पश्चिमेकडून) ३० नॉट, १० मैलांचा आर्क, आणि तुम्ही ३६० रेडियलवर (स्टेशनपासून उत्तरेला जाणाऱ्या रेघेवर) सुरू करून घड्याळाच्या दिशेने जाताय, म्हणजे स्टेशन कायम उजव्या हाताला. सुरुवातीला ट्रॅक ०९०, वारा थेट पाठीमागून (टेलविंड), करेक्शन शून्य, ग्राउंडस्पीड (जमिनीवरचा वेग) १५०. ०४५ रेडियलवर आलात की ट्रॅक १३५, आता तोच वारा तुम्हाला मागून आणि उजवीकडून लागतोय, स्टेशनपासून बाहेर ढकलतोय, साधारण १० अंश उजवीकडे क्रॅब (वाऱ्याकडे नाक वळवून ठेवणं) हवा, ग्राउंडस्पीड १३९ च्या आसपास. ०९० रेडियलवर ट्रॅक १८०, वारा पूर्ण आडवा, करेक्शन साडेचौदा अंश, हेडिंग जवळपास १९५, ग्राउंडस्पीड ११६. हा शिखराचा बिंदू. इथून पुढे करेक्शन उतरायला लागतं, १३५ रेडियलवर परत १० अंश आणि ग्राउंडस्पीड ९७, आणि १८० रेडियलवर पोचलात की वारा नाकावर (हेडविंड), करेक्शन परत शून्य, ग्राउंडस्पीड फक्त ९०.

आता तुमचीच गोष्ट यात बघा. आकडा वाढत गेला ते पहिल्या पाव भागात, करेक्शन सापडलं ते ०९० रेडियलच्या जवळपास, आणि ते पंधरा अंश तुम्ही पुढेही धरून ठेवलेत जिथे गरज दहाची, मग पाचाची, मग शून्याची होती. विमान आत जाणार नाही तर काय करेल.

याच उदाहरणातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती फारशी कोणी सांगत नाही. पहिल्या पाव वर्तुळात हेडिंग ०९० पासून १९५ पर्यंत जातं, म्हणजे ९० नाही तर १०५ अंश, आणि त्यासाठी वेळ मिळतो साधारण सात मिनिटं. दुसऱ्या पाव वर्तुळात हेडिंग १९५ पासून २७० पर्यंत, फक्त ७५ अंश, आणि वेळ मिळतो साडेनऊ मिनिटं. म्हणजे सुरुवातीला मिनिटाला १५ अंश वळावं लागतंय आणि नंतर मिनिटाला ८, जवळपास निम्मं. विद्यार्थी पहिल्या भागातली वळायची लय हाताला लागली की तीच दुसऱ्या भागात चालू ठेवतात आणि मग आत घुसतात. म्हणून टेलविंडमध्ये आर्क सुरू होत असेल तर सुरुवातीला घाई, नंतर सबुरी, आणि हेडविंडमध्ये सुरू होत असेल तर बरोबर उलटं.

मग विमानात बसून हे सगळं साइन-कोसाइन करायचं का? अजिबात नाही. आर्क जॉइन करायच्या आधी, शांत असताना, नीपॅडवर (मांडीवर बांधलेल्या वहीवर) एक गोल काढा, मध्ये स्टेशनचा ठिपका, आणि गोलाच्या आरपार वाऱ्याचा बाण. आता बाण जिथून गोलात शिरतो तो रेडियल, म्हणजे वारा ज्या दिशेकडून येतोय तोच आकडा, तिथे वारा तुम्हाला सर्वात जास्त आत ढकलणार. बाण जिथून बाहेर पडतो तिथे सर्वात जास्त बाहेर ढकलणार. आणि या दोघांच्या बरोबर मधे, दोन्ही बाजूंना, आत-बाहेर काहीच नाही, फक्त पुढे किंवा मागे. २७० चा वारा असेल तर २७० रेडियलवर आत, ०९० वर बाहेर, ३६० आणि १८० वर शून्य. तुम्ही कुठल्या दिशेने आर्क उडताय याने यात काहीही फरक पडत नाही, दिशेवर फक्त टेलविंड की हेडविंड एवढंच ठरतं. हे चित्र दहा सेकंदांत काढून होतं आणि त्यावर तुमचा आर्क कुठून कुठे जातो ते गडद केलं की पुढची दहा मिनिटं करेक्शन वाढत जाणार की कमी होणार हे आधीच दिसतं. एक काळजी घ्या, वरच्या हवेचा फोरकास्ट वारा ट्रू दिशेत दिलेला असतो आणि रेडियल मॅग्नेटिक असतात, व्हेरिएशन (खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला कोन) मोठं असलेल्या भागात हा फरक विसरून चालत नाही.

आरएमआय किंवा बेअरिंग पॉइंटर (कायम स्टेशनकडे रोखलेला काटा) असेल तर काम अजून सोपं. वारा नसताना पॉइंटर बरोबर पंखाच्या टोकावर ठेवला की तुम्ही आर्कवर. वारा बाहेर ढकलत असेल तर पॉइंटर पंखाच्या टोकाच्या थोडा पुढे, आत ढकलत असेल तर थोडा मागे, आणि किती पुढे-मागे तर जेवढा क्रॅब तेवढाच. वरच्या उदाहरणात ०९० रेडियलवर पॉइंटर पंखाच्या साडेचौदा अंश पुढे हवा. म्हणजे आर्कवर तुमचं खरं रेफरन्स हे पंखाचं टोक नाही, पंखाच्या टोकाशेजारी सरकत राहणारी एक जागा आहे, ती हळूहळू पुढे जाते, परत मागे येते. तुमचं काम पॉइंटर त्या सरकत्या जागेवर ठेवायचं. आणि आर्कवरून सरकलाच असाल तर ढोबळ नियम असा की दर अर्ध्या मैलाच्या चुकीसाठी पॉइंटर १० ते २० अंश बदला, पण हा बदल वाऱ्याच्या करेक्शनच्या वर लावायचा, त्याच्या जागी नाही. आकडा १० वर आला की वरचा बदल काढा, खालचा राहू द्या. तुमच्या दुसऱ्या अर्ध्यातल्या घोळात हाही भाग असणार, आत यायला लावलेलं आणि वाऱ्याला लावलेलं हे दोन्ही एकात मिसळून गेलं की किती काढायचं आणि किती ठेवायचं ते कळत नाही.

प्रश्न: आमच्याकडे "दहा वळ, दहा फिरव" अशी पद्धत शिकवतात, ओबीएस (रेडियल निवडायचा नॉब) दहा अंश पुढे लावायचा, नीडल मध्ये आली की हेडिंग दहा अंश वळवायचं. पण हे तर सरळ सरळ तुकडे झाले, गोल कुठे झाला? यानेच आर्क बिघडत असेल का?

उत्तर: नाही, याने बिघडत नाही, आणि हा गैरसमज आकड्यांनीच दूर होतो. १० मैलांच्या आर्कवर स्पर्शरेषेत अगदी सरळ दहा अंश गेलात तर शेवटी तुम्ही आर्कच्या फक्त ०.१५ मैल बाहेर असता. जीवेसारखं आतून कापून गेलात तर मध्यावर फक्त ०.०४ मैल आत. डीएमईच्या डिस्प्लेवर हे जेमतेम दिसेल. आता वारा घ्या. तेवढे दहा अंश कापायला १२० नॉटला सुमारे ५२ सेकंद लागतात, आणि ३० नॉटचा आडवा वारा ५२ सेकंदांत तुम्हाला ०.४४ मैल सरकवतो. म्हणजे एकाच तुकड्यात वारा हा भूमितीच्या जवळपास तिप्पट चूक करतो, आणि भूमितीची चूक पुढच्या वळणाला पुसली जाते तर वाऱ्याची साठत जाते.

तेव्हा पद्धत चांगली आहे, फक्त प्रत्येक "दहा वळ" च्या वेळी एक प्रश्न स्वतःला विचारायचा, पुढच्या तुकड्यात वारा मला आत्ता आहे त्यापेक्षा जास्त बाहेर ढकलणार की कमी. जास्त असेल तर दहाच्या ऐवजी बारा-तेरा वळा, कमी असेल तर सात-आठ. वरच्या उदाहरणात पहिल्या पाव भागात सरासरी साडेअकरा आणि दुसऱ्या भागात सरासरी साडेआठ असं पडतं. म्हणजे नाव "दहा वळ" असलं तरी वाऱ्यात प्रत्यक्ष दहा असं फार कमी वेळा असतं.

प्रश्न: आर्कच्या आत राहावं की बाहेर?

उत्तर: जराशी चूक होणारच असेल तर आत. वाट तुमच्याकडेच वळत येते, त्यामुळे आत असताना हेडिंग नुसतं धरून ठेवलं तरी आर्क आपोआप जवळ येतो, बाहेर असाल तर तो तुमच्यापासून दूर पळत असतो आणि त्याला गाठायला जास्त वळावं लागतं. पण हे वारा शून्य धरून. वारा जोरात आत ढकलत असेल तर "आत बरं" म्हणून निवांत बसू नका, तिथे हेडिंग धरून ठेवल्याने आर्क जवळ येईलच असं नाही.

प्रश्न: आर्कवर असताना डीएमईचा ग्राउंडस्पीड १० नाहीतर १५ नॉट दाखवतो, कधी शून्य. माझ्या इन्स्ट्रुमेंटमध्ये बिघाड आहे का?

उत्तर: बिघाड नाही. डीएमई अंतर किती वेगाने बदलतंय एवढंच मोजतं, आणि आर्कवर अंतर बदलायलाच नको, त्यामुळे उत्तम आर्क उडालात तर तो आकडा शून्याच्या जवळ येतो. खरा ग्राउंडस्पीड जीपीएसवरून घ्या, किंवा आर्कच्या आधी स्टेशनकडे थेट येताना किंवा दूर जाताना बघून ठेवा. उलट त्या छोट्या आकड्याचा उपयोग करून घेता येतो, तो २० दाखवत असेल तर तुम्ही दर तीन मिनिटाला एक मैल आत किंवा बाहेर सरकताय, आणि मैलांचा आकडा बदलायच्या आधी हे कळतं.

प्रश्न: मी घरी सिम्युलेटरवर शिकतो. जीपीएसच्या ट्रॅकचा आकडा बघून आर्क उडवतो, ट्रॅक कायम रेडियलला काटकोनात ठेवतो, तर वाऱ्याचा विचारच करावा लागत नाही. ही फसवणूक आहे का?

उत्तर: फसवणूक कसली, ही तर सर्वात स्वच्छ पद्धत आहे. ट्रॅक म्हणजे जमिनीवरची खरी दिशा, तिच्यात वारा आधीच मोजलेला असतो. स्टेशन उजवीकडे असेल तर ट्रॅक म्हणजे रेडियल अधिक ९०, डावीकडे असेल तर रेडियल वजा ९०, एवढंच जुळवत राहायचं. ०४५ रेडियलवर ट्रॅक १३५ दिसतोय ना, मग हेडिंग काहीही असो, त्या क्षणी तुम्ही ना आत सरकताय ना बाहेर. आणि हेडिंग आणि ट्रॅकमधला फरक हाच तुमचा क्रॅब, तो वाढतोय की कमी होतोय हे समोरच लिहिलेलं असतं.

फक्त एक विनंती. आठवड्यातून एकदा तरी ट्रॅक झाकून नुसत्या पॉइंटरवर आणि डीएमईवर आर्क उडवा, आणि सिममध्ये वारा ३०-४० नॉट ठेवून. जीपीएस गेल्यावर डोक्यात चित्र नसेल तर हात काहीच करू शकत नाहीत. मी स्वतः शिकत असताना एका संध्याकाळी जॅमिंगमुळे पोझिशन गेली होती, मला गोल आणि बाणाचं ते चित्र येत नव्हतं, आणि मी अर्धा आर्क आकडा कुठे चाललाय याच्या मागे पळत काढला. सोबतचे इन्स्ट्रक्टर शांत बसले होते, उतरल्यावर त्यांनी ते चित्र कागदाच्या मागे काढून दाखवलं. तेव्हापासून मी ते काढल्याशिवाय आर्कवर जात नाही.

प्रश्न: मी फर्स्ट ऑफिसर आहे. आमच्या आरएनपी अप्रोचमध्ये (विमानाच्या स्वतःच्या काटेकोर नेव्हिगेशनवर उतरायच्या वाटेत) आरएफ लेग, म्हणजे ठरलेल्या त्रिज्येचे गोल तुकडे, असतात, एफएमएस (वाट सांभाळणारा कॉम्प्युटर) आणि ऑटोपायलट सगळं करतात, विमान स्क्रीनवरच्या मॅजेंटा रेघेवरून हलत नाही. मग वाऱ्याचं मला काय करायचंय? आणि काही आरएफ लेगवर स्पीड लिमिट इतकं कडक का असतं?

उत्तर: या प्रश्नाला जरा वेळ देते कारण माझ्या मते आज जास्त धोका इथे आहे, जिथे सगळं आपोआप होतं.

आधी फरक समजून घेऊ. नेहमीच्या फ्लाय-बाय वळणात विमान आपल्या वेगाप्रमाणे आणि वाऱ्याप्रमाणे वळतं, जोरात असेल तर मोठं वळण, हळू असेल तर छोटं, जमिनीवरची रेघ दर वेळी वेगळी. आरएफ लेगमध्ये वर्तुळाचं केंद्र, त्रिज्या आणि शेवटचा फिक्स (ठरलेला बिंदू) हे सगळं डेटाबेसमध्ये ठरलेलं असतं, आणि आधीच्या व पुढच्या लेगला तो स्पर्शरेषेने जुळतो. म्हणजे रेघ हलणार नाही. मग वारा बदलला तर हलणार काय? बँक, म्हणजे वळताना पंखांचा कल. दुसरं काहीच हलायला उरत नाही.

आणि बँक ठरते ग्राउंडस्पीडच्या वर्गावर. २ मैल त्रिज्येचा आरएफ घ्या आणि ट्रू एअरस्पीड १८० नॉट. वारा नसेल तर लागणारी बँक साधारण १३ अंश. ४० नॉट हेडविंडमध्ये फक्त ८ अंश. आणि ४० नॉट टेलविंडमध्ये साडेएकोणीस अंशांच्या आसपास. तोच आरएफ, तेच विमान, तोच एअरस्पीड इंडिकेटरचा आकडा, आणि बँक ८ पासून जवळपास २० पर्यंत. आता डिझाइन करणारे सुद्धा बँकेला मर्यादा धरूनच त्रिज्या काढतात, आरएनपी एआरमध्ये (खास परवानगी लागणाऱ्या आरएनपीमध्ये) ती साधारण १८ अंश धरलेली असते, आणि त्या हिशोबात ठरावीक टेलविंड गृहीत धरलेला असतो. तुम्ही गृहीत धरल्यापेक्षा जास्त वेगाने, किंवा जास्त टेलविंडमध्ये शिरलात, की एफएमएस जास्त बँक मागतं, आणि एका जागी फ्लाइट डायरेक्टरची (किती वळायचं ते सांगणाऱ्या यंत्रणेची) बँक लिमिट येते. त्या क्षणापर्यंत विमान अगदी रेघेवर असतं, त्याच्या पुढे ते हळूहळू बाहेर सरकायला लागतं आणि ऑटोपायलटकडे देण्यासारखं काही उरलेलं नसतं. डोंगराळ भागात बाहेर म्हणजे कुठे हे सांगायला नको.

म्हणून स्पीड लिमिट. तो आवाजासाठी किंवा ट्रॅफिकसाठी आहे असं समजून पाच-दहा नॉट इकडे-तिकडे करू नका. वरच्या उदाहरणात ग्राउंडस्पीड २२० वरून २०० वर आणलात तर बँक साडेएकोणीसवरून सोळाच्या आसपास येते, वीस नॉटांत तीन अंशांहून जास्त मिळाले. वेग कमी करणं हे तुमच्या हातातलं सर्वात मोठं हत्यार आहे आणि ते आरएफमध्ये शिरायच्या आधी वापरायचं, आत शिरल्यावर नाही. दुसरी लपलेली गोष्ट म्हणजे उंची. दर हजार फुटाला ट्रू एअरस्पीड ढोबळमानाने दोन टक्के वाढतो, तेव्हा ८००० फुटावर इंडिकेटेड १६५ म्हणजे ट्रू १९० च्या आसपास, आणि त्यावर टेलविंड मिळवला की तुम्ही जमिनीलगतच्या सवयीपेक्षा कितीतरी जास्त वेगात असता, इंडिकेटर मात्र ओळखीचाच आकडा दाखवत राहतो.

मग तुम्ही नेमकं करायचं काय? ब्रीफिंगमध्ये प्रत्येक आरएफसाठी बघा की वारा सुरुवातीला कुठून आहे आणि शेवटी कुठून असेल, डीएमई आर्कसारखंच. टेलविंडमधून सुरू होऊन क्रॉसविंडमध्ये संपणाऱ्या आरएफमध्ये बँक सुरुवातीलाच सर्वात जास्त लागते, म्हणजे तुम्ही अजून स्थिरावतही नसता. हेडविंडमधून टेलविंडकडे जाणाऱ्यात उलट, सुरुवात फसवी आरामाची असते आणि शेवटी, जमिनीच्या जवळ असताना, बँक वाढत जाते. हा दुसरा प्रकार मला जास्त नावडतो. उडताना बँक अँगलवर नजर ठेवा, नुसत्या क्रॉसट्रॅकवर (रेघेपासून बाजूला किती सरकलात त्यावर) नाही. क्रॉसट्रॅक शून्य असेल पण बँक लिमिटच्या जवळ चढत असेल तर तुम्ही अडचणीच्या दाराशी आहात, क्रॉसट्रॅक हलेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. आणि शक्यतो आरएफच्या सुरुवातीच्या फिक्सला तिरक्या दिशेने थेट जाऊ नका, तो लेग आधीच्या ट्रॅकला जुळूनच सुरू व्हायला हवा, नाहीतर पहिल्याच सेकंदाला विमान रेघेच्या बाहेर आणि त्यात वाऱ्याची भर.

या प्रकारच्या अप्रोचची सुरुवातच अवघड जागी झाली, १९९६ मध्ये अलास्का एअरलाइन्सने अलास्कातल्या जुनोला, अरुंद खाडी आणि दोन्ही बाजूंना डोंगर अशा ठिकाणी आरएनपी वापरायला सुरुवात केली. तिथे रेघ इतकी काटेकोर आखायला लागली कारण बाजूला सरकायला जागाच नव्हती.

प्रश्न: होल्डिंगमध्ये (एका फिक्सपाशी लांबट फेऱ्या मारत थांबताना) आउटबाउंडला, म्हणजे फिक्सपासून दूर जाताना, इनबाउंडच्या तिप्पट ड्रिफ्ट लावा म्हणतात. तिप्पटच का? दुप्पट का नाही?

उत्तर: कारण होल्डिंगच्या दोन वळणांत तुम्ही वाऱ्याला काहीच उत्तर देत नाही. स्टँडर्ड रेटने १८० अंश वळायला एक मिनिट, अशी दोन वळणं म्हणजे दोन मिनिटं, त्यात वारा तुम्हाला हवं तसं सरकवतो. आउटबाउंड लेगचं स्वतःचं एक मिनिट. एकूण तीन मिनिटांचा ड्रिफ्ट, आणि तो भरून काढायला जागा एकच, आउटबाउंडचं ते एक मिनिट. म्हणून तीन. इनबाउंडला ८ अंश डावीकडे लावत असाल तर आउटबाउंडला २४ अंश उजवीकडे. १२० नॉटला ८ अंश म्हणजे सुमारे १७ नॉटचा आडवा वारा, त्याच्या तिप्पट म्हणजे ५० नॉट बाजूला जायचं, आणि त्यासाठी लागणारं हेडिंग गणिताने काढलं तरी २४-२५ अंशच येतं, म्हणजे नियम अंदाजपंचे नाही. पण इनबाउंडचं करेक्शन १५ अंश झालं की तिप्पट म्हणजे ४५ होतं आणि तिथे हा हिशोब मोडतो, विमान पुढे जायचंच कमी होतं, तेव्हा तीसच्या वर जाऊ नका आणि उरलेलं पुढच्या फेरीत वेळ बदलून आणि इंटरसेप्ट करून सांभाळा.

वेळेचं सोपं आहे, १४,००० फूट आणि त्याखाली इनबाउंड लेग एक मिनिटाचा यायला हवा, त्याच्या वर दीड. पहिल्या फेरीला इनबाउंड ४५ सेकंदांत संपला तर इनबाउंडला टेलविंड आहे, पुढच्या वेळी आउटबाउंड थोडा वाढवा.

प्रश्न: आर्कवरून फायनलला (उतरायच्या शेवटच्या सरळ वाटेला) वळताना मी दर वेळी कोर्स ओलांडतो. लीड (कोर्सच्या किती आधी वळायला लागायचं ते) चार रेडियलच घेतो, वेग १२० आहे.

उत्तर: लीड वाऱ्याशिवायचा घेताय. ९० अंशांच्या स्टँडर्ड रेट वळणासाठी ग्राउंडस्पीडचा अर्धा टक्का एवढे मैल लीड लागतो, १२० ला ०.६ मैल, आणि १० मैलांवर एक मैल म्हणजे जवळपास सहा रेडियल, तेव्हा चार रेडियल हे वारा नसताना बरोबर. पण तुमच्या पत्रात लिहिलंय की तो आर्क टेलविंडमध्ये संपतो. मग ग्राउंडस्पीड १५०, लीड ०.७५ मैल, म्हणजे साडेचार ते पाच रेडियल. शिवाय वळताना तो टेलविंड क्रॉसविंड होतो आणि वळणाच्या अर्ध्या मिनिटातही तुम्हाला पुढेच ढकलत राहतो, त्यामुळे ३० नॉटला मी सरळ सहा रेडियलवर वळायला सुरुवात करते.

दुसरी चूक बहुधा ही, की तुम्ही वळण कोर्सच्या हेडिंगवर थांबवता. ३६० रेडियलवरून आत यायचं आहे, कोर्स १८०, वारा २७० वरून ३० नॉट, तर फायनलवर लागणारं हेडिंग १९५ आहे. आर्कवर तुमचं हेडिंग ०९० होतं, म्हणजे वळायचं आहे १०५ अंश. तुम्ही ९० वर थांबलात की उरलेले पंधरा अंश वारा तुमच्याकडून वसूल करतो, तेही अशा जागी जिथे तुम्ही खाली उतरायला सुरुवात करताय आणि चेकलिस्ट हातात आहे. वळण सुरू करायच्या आधीच हेडिंग बग (हव्या त्या हेडिंगची खूण) १९५ वर लावून ठेवा आणि वळण तिथेच संपवा.